छोटी ट्रॅव्हल गिटार घेताना: आधी स्केल बघा, मग ब्रँड

ठाण्यातल्या वन-बीएचकेत ४१ इंची गिटार राहते कुठे, तर कपाटावर नाहीतर दाराआड. कपाटावर गेलेली गिटार रोज खाली काढायचा कंटाळा येतो आणि नव्याने शिकणाऱ्याचा रियाज तिथेच अडतो. क्लासला न्यायची म्हटलं तर शेअर रिक्षात शेजारच्याच्या मांडीवर बॅग टेकते. संध्याकाळच्या वाशी-पनवेल लोकलमध्ये तर आपल्यालाच उभं राहायला जागा नसते. त्यामुळे छोट्या बॉडीची गिटार घ्यावीशी वाटणं अगदी रास्त आहे. ती सोफ्याच्या कडेला राहते, येता-जाता हातात येते, कोकणात जाताना एसटीत मांडीशी धरून बसता येतं, कोजागिरीला गच्चीवर न्यायला जड जात नाही.

पण ऑनलाइन ‘ट्रॅव्हल गिटार’ असं शोधलं की अडीच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंतचं सगळं एकाच रांगेत समोर येतं. त्यात मुलांसाठीची अर्ध्या मापाची गिटार असते, गिटालेले असते, ३८ इंची स्वस्त गिटार असते आणि खरी ट्रॅव्हल गिटारही असते. फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. हा लेख पहिल्यांदाच गिटार घेणाऱ्यांसाठी आहे. कुठली गोष्ट कुठल्या क्रमाने तपासायची ते सांगते. या क्रमाने गेलात तर मध्यम बजेटमध्येही वर्षानुवर्षं साथ देईल अशी गिटार मिळते.

पहिलं काम: लहान काय हवंय ते ठरवा

गिटारीत दोन मापं वेगवेगळी असतात. एक बॉडीचं, म्हणजे लाकडी पेटीचं. दुसरं स्केलचं, म्हणजे वरच्या नटपासून (तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) खालच्या सॅडलपर्यंत (पेटीवर तारा जिथे टेकतात ती पट्टी) तारेची जी लांबी वाजते तिचं. दुकानाच्या पाटीवर किंवा वेबसाइटवर ‘३८ इंच’, ‘४० इंच’ असं लिहिलेलं असतं, ती गिटारीची डोक्यापासून बुडापर्यंतची एकूण लांबी. तिच्यावरून स्केल कळत नाही. स्केल वेगळं विचारावं लागतं आणि ते विचारायलाच हवं.

काहींना बॉडी मोठी वाटते. ड्रेडनॉट, म्हणजे नेहमीच्या मोठ्या आकाराची गिटार मांडीवर घेतली की उजवा खांदा वर उचलला जातो, तासाभरात पाठ भरून येते. बोटांना मात्र काही त्रास नसतो. अशांनी ट्रॅव्हल गिटारच्या मागे लागू नये. कॉन्सर्ट आकाराची, म्हणजे त्याहून लहान बॉडी आणि पूर्ण स्केल असलेली गिटार घ्यावी. यामाहाच्या एफएस मालिकेतली गिटार या वर्गातली, तिचं स्केल ६३४ मिलीमीटर, म्हणजे जवळजवळ २५ इंच. आवाज भरदार राहतो आणि खांदा खाली येतो.

ज्यांना बोटं पुरत नाहीत किंवा ज्यांना गिटार घेऊन खरोखर हिंडायचं आहे, त्यांच्यासाठी छोटं स्केल. इथे थोडं गणित मांडते, कारण दुकानात कुणी ते सांगत नाही. ड्रेडनॉटचं नेहमीचं स्केल २५.४ इंच. त्यावर सी कॉर्ड धरताना पहिल्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे दांडीवरची धातूची आडवी पट्टी) तिसऱ्या फ्रेटपर्यंतचं अंतर सुमारे ६६ मिलीमीटर भरतं. स्केल २३ इंच असेल तर तेच अंतर ६० मिलीमीटर होतं. यामाहाच्या जेआर मालिकेतल्या छोट्या गिटारचं स्केल ५४० मिलीमीटर आहे, तिथे ते ५६ च्या आत येतं. सहा मिलीमीटर ऐकायला काहीच नाही, पण ज्यांची करंगळी आणि अनामिका आखूड आहे त्यांचा एफ कॉर्ड याच सहा मिलीमीटरवर बसतो किंवा फसतो.

माझं मत विचाराल तर मोठ्या माणसाने २२.५ ते २३.५ इंच या पट्ट्यात राहावं. जगभर ज्या ट्रॅव्हल गिटारी नावाजल्या आहेत त्याही इथेच येतात: बेबी टेलर २२.७५ इंच, लिटल मार्टिन २३ इंच, टेलर जीएस मिनी २३.५ इंच. त्या नव्या घ्यायच्या तर बहुतेकांच्या बजेटबाहेर जातात, पण स्वस्तातली गिटार पारखताना त्यांची मापं पट्टी म्हणून वापरता येतात. २१ इंचांच्या आसपासची गिटार दहा-बारा वर्षांच्या मुलाला उत्तम. मोठ्या माणसाची बोटं पाचव्या फ्रेटच्या पुढे एकमेकांवर चढतात. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून गाणारे असाल तर हे आणखी लक्षात घ्या. २३ इंची गिटारवर पाचव्या फ्रेटला कॅपो लावला की वाजायला फक्त सव्वासतरा इंच तार उरते.

गिटालेलेबद्दल एकच सांगते. तिला सहा तारा असतात, दिसायला गोंडस असते, पण ती नेहमीच्या गिटारपेक्षा पाच फ्रेट वरच्या सुरात लावतात. क्लासमध्ये सर जी कॉर्ड धरायला सांगतील तेव्हा तुमच्या बोटांखालून सी वाजेल. दुसरं वाद्य म्हणून हौसेने घ्या, शिकायला पहिलं वाद्य म्हणून नको.

छोट्या गिटारीत सेटअप का महत्त्वाचा

तारेवरचा ताण स्केलच्या लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. त्याच तारा, तेच सूर, पण स्केल २५.४ ऐवजी २३ इंच केलं की ताण साधारण १८ टक्के कमी होतो. नवख्या बोटांना हे सुखाचं. एफ कॉर्ड लवकर बसतो, बोटांची टोकं कमी दुखतात.

पण सैल तार दाबली की ती जास्त बेसूर होते. ॲक्शन उंच असेल, म्हणजे तार फ्रेटबोर्डपासून फार वर असेल, तर दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. मोठ्या गिटारवर जो दोष कानाआड करता येतो तोच छोट्या गिटारवर प्रत्येक कॉर्डमध्ये ऐकू येतो. ब्रिज, म्हणजे सॅडल जिच्यात बसतं ती पेटीवरची लाकडी पट्टी, बसवताना झालेली मिलीमीटरभर चूकही आखूड तारेवर जास्त जाणवते. म्हणून चार हजारांची छोटी गिटार आणि चार हजारांची मोठी गिटार शेजारी ठेवल्या तर छोटी बहुधा जास्त बेसूर निघते, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच सूर कळत नाही. कितीतरी जण याच टप्प्यावर गिटार सोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांच्या कानात काहीच दोष नसतो.

यावर दोन उपाय. ॲक्शन नीट करून घ्यायची, म्हणजेच सेटअप, आणि तारा थोड्या जाड घालायच्या. स्वस्त गिटारवर बहुतेक वेळा १० नंबरच्या, म्हणजे सर्वांत पातळ तार ०.०१० इंचाची, असा संच असतो. छोट्या स्केलवर तो लोंबकळल्यासारखा वाजतो. १२ चा संच घाला. टेलर कंपनी जीएस मिनीला १३ चा संच घालते तो याच कारणाने. बोटांना १२ जड जाईल अशी भीती नको, आखूड स्केलवर तो मोठ्या गिटारवरच्या ११ सारखाच लागतो. मात्र हे स्टीलच्या तारांच्या गिटारबद्दल. नायलॉन तारांसाठी बनवलेल्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. सहा स्टील तारांचा एकत्रित ताण साठ-सत्तर किलोंच्या घरात जातो, ब्रिज उखडून हातात येतो.

पैसे कसे वाटायचे

समजा तुमच्याकडे आठ हजार आहेत. आठही गिटारीवर घालू नका. सहा-साडेसहाची गिटार बघा आणि उरलेल्या पैशांत सेटअप, तारांचा एक चांगला संच, जाड अस्तराची बॅग आणि क्लिपचा ट्यूनर बसवा. हे अंकगणित मी ज्यांना-ज्यांना सांगते त्यांचा चेहरा पडतो, कारण सगळे पैसे गिटारीत गेले म्हणजे गिटार जास्त चांगली मिळणार असं वाटतं. पण सेटअप केलेली सहा हजारांची गिटार न केलेल्या आठ हजारांच्या गिटारपेक्षा सुरेल वाजते.

तीन हजारांच्या खाली जाऊ नका. त्या किमतीत बऱ्याचदा नेकमध्ये, म्हणजे दांडीत, ट्रस रॉड नसतो. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आत बसवलेली लोखंडी सळी. पावसाळ्यात नेक वाकला तर ॲलन कीने ती फिरवून नेक सरळ करता येतो. सळी नसेल तर वाकलेला नेक वाकलेलाच राहतो. साउंडहोलमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बघा, किंवा डोक्यावरचं छोटं झाकण काढून दाखवायला सांगा. सळीचं टोक दोहोंपैकी एका ठिकाणी दिसतं.

पिकअप आणि इक्वलायझर, म्हणजे स्पीकरला जोडायची सोय, असलेली गिटार या बजेटमध्ये घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या डबीचे पैसे कुठून तरी कापले जातात, आणि ते लाकडातून नाहीतर चाव्यांमधून कापले जातात. स्टेजवर वाजवायची वेळ येईल तेव्हा पिकअप वेगळा बसवता येतो.

ब्रँडचं म्हणाल तर यामाहा, कॉर्ट आणि फेंडर यांच्या छोट्या मॉडेलांपासून शोध सुरू करा. कॅडेन्स, व्हॉल्ट हे भारतीय ब्रँडही या गटात आहेत. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो, तेव्हा नावावर विसंबू नका. पुढची तपासणी प्रत्येक नगाची करा.

दुकानात काय करायचं

या भागासाठी वेळ काढून जा. शनिवारी संध्याकाळी गर्दीत जाऊ नका, कामाच्या दिवशी दुपारी जा. दुकानात शांतता हवी, कारण सगळी परीक्षा कानाची आहे. सोबत मोबाइलवर ट्यूनरचं ॲप, खिशात तीन एटीएम कार्डं आणि एक साधा कागद घ्या. वाजवता येत नसलं तरी चालेल, इथे लागणाऱ्या गोष्टी कुणालाही जमतात.

गिटार ट्यून करून मागा. मग ती डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून डोक्याकडून ब्रिजकडे नेकच्या कडेने नजर टाका. कड सरळ किंवा किंचित आत वाकलेली असावी. पिळलेली दिसली, म्हणजे एक कड वर आणि एक खाली, तर ती गिटार तिथेच ठेवून द्या. पीळ दुरुस्त होत नाही.

आता कार्डं. एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलीमीटर असते, हे जगभर एकच माप आहे. तीन कार्डं एकावर एक धरली की २.३ मिलीमीटर होतात. बारावा फ्रेट शोधा, तिथे बहुधा दोन ठिपके असतात. सर्वांत जाड तार आणि त्या फ्रेटची धातूची पट्टी यांच्यामध्ये ही कार्डं सरकवा. कार्डं तारेला जेमतेम टेकली तर ॲक्शन चांगली आहे. तार न हलता वर आणखी एक कार्ड आरामात जात असेल तर ॲक्शन उंच आहे. सॅडल घासून ती किती खाली येईल हे बघायला ब्रिजकडे या. सॅडलची पांढरी पट्टी लाकडाच्या वर किती उरली आहे? दोन-तीन मिलीमीटर तरी उरली असेल तर घासायला वाव आहे. आधीच लाकडाला टेकली असेल तर वाव संपला, ती गिटार घेऊ नका.

मग बारावा फ्रेट आणि ट्यूनर. तारेला बाराव्या फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून छेडा आणि बोट लगेच उचला, घंटेसारखा स्वर येतो. तो ट्यूनरवर बघा. आता तीच तार बाराव्या फ्रेटला नेहमीसारखी दाबून वाजवा. दोन्हींचा काटा एकाच ठिकाणी यायला हवा. दाबलेला स्वर थोडा चढा असेल आणि ॲक्शनही उंच असेल तर सेटअपमध्ये तो बराचसा सुधारतो. ॲक्शन खाली असूनही काटा बराच दूर जात असेल तर ब्रिज चुकीच्या जागी बसला आहे. सहाही तारांवर हे करा. दुकानदाराला घाई असली तरी करा. “काका, एक-एक तार बघून घेते, पाच मिनिटं द्या,” असं सांगितलं की चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, उलट तोच पुढची चांगली गिटार आतून काढून आणतो.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटला दाबून एकेकदा वाजवा. कंटाळवाणं काम आहे, पण एखादा फ्रेट वर आलेला असेल तर तिथे तार झणझणते किंवा शेजारचाच स्वर वाजतो. ब्रिज आणि पेटी यांच्या सांध्यात कागदाची कड घालून बघा. कागद आत शिरला तर ब्रिज सुटत चालला आहे. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा, फ्रेटची टोकं टोचत असतील तर ती घासून घ्यावी लागतील. चाव्या फिरवताना मध्येच रिकाम्या फिरल्या तर सूर टिकणार नाही.

रंग, चकाकी, कडेची नक्षी याकडे बघू नका.

कुठे जायचं

निवडीला वाव हवा असेल तर मुंबईला जाण्यासारखं दुसरं नाही. सीएसएमटीला उतरून धोबी तलावापर्यंत पायी जाता येतं. तिथल्या जेर महालमध्ये फर्टाडोजचं दुकान आहे. ही पेढी १८६५ पासूनची. ठाण्याहून मध्य रेल्वेने आणि वाशी-नेरूळहून हार्बरने, दोन्हीकडून थेट सीएसएमटी. एकाच जागी चार-पाच छोट्या गिटारी ओळीने हातात घेता येतात, आणि स्केलचा फरक बोटांना तेव्हाच कळतो.

ऑनलाइन घ्यायची असेल तर परत करायची मुदत वाचा आणि वरची सगळी तपासणी बॉक्स उघडल्याच्या दिवशीच करा. ‘पिक, बेल्ट, बॅग, तारा मोफत’ अशा संचांना भुलू नका.

जुनी गिटार हा मला सर्वांत आवडणारा मार्ग. घोडबंदर रोडच्या किंवा ऐरोली-घणसोलीच्या सोसायट्यांमध्ये हौसेने आणलेल्या आणि मग कोपऱ्यात राहिलेल्या गिटारी विकायला निघतात. लाकूड एक-दोन पावसाळे बघून बसलेलं असतं, म्हणजे जे वाकायचं ते वाकून झालेलं असतं आणि तुम्हाला ते डोळ्यांनी दिसतं. दिवसाउजेडी जा, आधी पैसे पाठवू नका. गंजलेल्या तारा हा दोष नाही, ब्रिजच्या मागे पेटी फुगलेली असणं हा दोष आहे. शिकवणारे सर किंवा एखादी वाजवणारी ताई सोबत आली तर उत्तम.

आपला पाऊस आणि गिटारीचं लाकूड

गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ठाण्यात जुलैमध्ये ती ८० च्या वर राहते. लाकूड पाणी पितं, पेटीचा वरचा भाग फुगतो, ब्रिज वर येतो आणि मे महिन्यात छान वाजणारी गिटार ऑगस्टमध्ये बोटांना जड लागते. अख्ख्या लाकडाचा टॉप ऐकायला गोड, पण तो हवामानाला जास्त हलतो. प्रवासासाठी लॅमिनेट, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेल्या लाकडाची गिटार घेण्यात कमीपणा नाही. लिटल मार्टिनच्या मूळ मॉडेलात तर चक्क दाबून केलेलं लॅमिनेट वापरतात.

पावसाळ्यात गिटार बॅगेत ठेवा, सिलिका जेलची मोठी पाकिटं आत टाका आणि ती अधूनमधून तव्यावर मंद आचेवर कोरडी करा. कागदाचं पाकीट असेल तर दाणे काढून घेऊन. बाहेरच्या भिंतीला गिटार टेकवू नका, ओल तिथूनच येते. उन्हाळ्यात उभ्या गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका. बंद गाडीच्या उष्णतेने ब्रिजचा गोंद नरम पडतो.

नेताना-आणताना

गिटारबरोबर फुकट येणारी पातळ बॅग धुळीपुरती. दहा मिलीमीटर तरी अस्तर असलेली, दोन पट्ट्यांची बॅग घ्या, आणि माप गिटारचंच घ्या. ४१ इंची बॅगेत ३४ इंची गिटार आत हिंदकळते आणि नेमकं डोकं आपटतं. लोकलमध्ये बॅग पाठीवर न ठेवता पुढे छातीशी उभी धरा. डोक्याचा भाग तुमच्या नजरेसमोर राहतो आणि मागच्याच्या तोंडावर आपटत नाही. वरच्या रॅकवर ठेवलीत तर आडवी, आणि तिच्यावर कुणाची ट्रॉली येणार नाही याकडे लक्ष ठेवा.

येऊरला घेऊन जाणारे बरेच असतात. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे वाजवू नका. उपवनच्या काठावर सकाळी बसा, हवं तेवढं गा.

विमानाने जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीला वाद्याबद्दल विचारून घ्या, कारण केबिन बॅगेची ५५ सेंटिमीटरची मर्यादा ट्रॅव्हल गिटारही ओलांडते.

घरी आणल्यावर पहिला महिना

लगेच सेटअप करू नका. नवी गिटार दोन आठवडे तुमच्या घरच्या हवेत राहू द्या, रोज ट्यून करून वाजवा. दुकानाचा एसी आणि तुमचा हॉल यांत फरक असतो, नेक या काळात थोडा हलतो. मग नव्या तारा घेऊन सेटअप करणाऱ्याकडे जा आणि तीन गोष्टी सांगा: बाराव्या फ्रेटला जाड तारेखाली सव्वादोन मिलीमीटर आणि बारीक तारेखाली पावणेदोन, नटच्या खाचा नीट खोल करा, १२ चा संच घाला. नटचं मुद्दाम सांगा, कारण बऱ्याच ठिकाणी सॅडल घासून गिटार परत देतात. पहिल्या फ्रेटला एफ कॉर्ड धरताना जो जीव जातो तो बहुतेक उंच नटमुळे जातो. तपासायला सोपं आहे: तार तिसऱ्या फ्रेटला दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि पट्टी यांमध्ये कागदभर फट राहायला हवी, कार्डभर नको.

नव्या तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात. प्रत्येक तार मधोमध धरून हलकेच वर ओढा, पुन्हा ट्यून करा, असं तीन-चारदा केलं की बसतात. चावी फिरवताना नटपाशी ‘टिक’ असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. तार बाजूला करून खाचेत साध्या पेन्सिलीचं टोक फिरवा, त्यातलं ग्राफाइट वंगणाचं काम करतं. आणि गिटार बॅगेतून बाहेर, स्टँडवर ठेवा. पाऊस सुरू झाला की पुन्हा बॅगेत.